डेव्हिड ब्लॅकवेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॅकवेल म्हणजे ती एनव्हिडियाची चिप ना?

चिपला ज्यांचं नाव दिलं ते हे. एनव्हिडिया कंपनी आपल्या चिपच्या पिढ्यांना शास्त्रज्ञांची नावं देते : पास्कल, व्होल्टा, ट्युरिंग, अँपिअर, हॉपर. मार्च २०२४ मध्ये त्या रांगेत ब्लॅकवेल आले. तेव्हापासून इंटरनेटवर हे नाव टाकलं की आधी पानभर यंत्रांचे फोटो येतात आणि माणूस कुठेतरी खाली सापडतो. हे पान त्या माणसाबद्दल आहे.

आमच्यासारख्या एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स केलेल्यांना हे नाव चिपच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. पण तेही एका जोडनावाचा उत्तरार्ध म्हणून. 'राव-ब्लॅकवेल थिअरम, सिद्ध करा.' राव कोण ते सर अभिमानाने सांगायचे. ब्लॅकवेल कोण, हे वर्गात कुणी विचारलंही नाही.

मग कोण होते ते, दोन ओळींत?

डेव्हिड हॅरॉल्ड ब्लॅकवेल, जन्म २४ एप्रिल १९१९, मृत्यू ८ जुलै २०१०. अमेरिकन गणिती आणि संख्याशास्त्रज्ञ, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक, आणि १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य.

घरात कुणी शिकलेलं होतं का?

तसं नाही. इलिनॉय राज्याच्या दक्षिण भागात सेंट्रेलिया नावाचं गाव आहे. गावाला नावच मुळी इलिनॉय सेंट्रल रेल्वेवरून मिळालेलं. वडील त्याच रेल्वेत इंजिनांची देखभाल करायचे. चार भावंडांत डेव्हिड थोरले. गावात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळाही होत्या, पण ब्लॅकवेल ज्या शाळेत गेले ती एकत्र होती.

शाळेत त्यांना भूमिती मनापासून आवडली. बीजगणित आणि त्रिकोणमितीबद्दल मात्र त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. त्यांना त्या नुसत्या युक्त्या वाटायच्या. भूमितीत एखादी मदतीची रेघ ओढली की अख्खं चित्र उलगडतं, त्याची गोडी त्यांना लागली. पुढे आयुष्यभर त्यांच्या सिद्धता याच चवीच्या राहिल्या : छोट्या, आणि वाचल्यावर 'अरे, हे आपल्याला का नाही सुचलं' असं वाटायला लावणाऱ्या.

गणितज्ञ व्हायचं लहानपणीच ठरलं होतं?

अजिबात नाही. त्यांना प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचं होतं. १९३५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले. वडील आपल्या शिक्षणासाठी कर्ज काढताहेत हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की माझं मी बघतो. मग भांडी घासणं, वाढप्याचं काम, कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली साफसफाई, असं मिळेल ते केलं. १९३८ मध्ये बी.ए., १९३९ मध्ये एम.ए., आणि १९४१ मध्ये जोसेफ डूब यांच्या हाताखाली मार्कोव्ह साखळ्यांवर (पुढचं पाऊल फक्त आत्ताच्या स्थितीवर ठरतं अशा, नशिबावर चालणाऱ्या घटनाक्रमांवर) पीएच.डी. वय तेव्हा बावीस. मास्तरकीचा विचार वाटेत कधीतरी गळून पडला, कारण गणिताचा पुढचा पेपर नेहमी जास्त रंजक निघत गेला.

तिथला एक किस्सा ते सांगत. पुढच्या वर्षीच्या आर्थिक मदतीची वाट बघत असताना एक सहविद्यार्थी त्यांना म्हणाला, तुला फेलोशिप नक्की मिळणार. तुझ्यासारख्याला काहीतरी द्यावंच लागेल, आणि वर्गात शिकवायला तर ते तुला उभं करणार नाहीत! फेलोशिप खरंच मिळाली.

प्रिन्स्टनमध्ये काय घडलं?

१९४१-४२ हे वर्ष त्यांनी रोझेनवाल्ड फेलोशिपवर प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये काढलं. ही संस्था आणि प्रिन्स्टन विद्यापीठ वेगवेगळे, पण संस्थेत येणाऱ्यांना विद्यापीठाने मानद पाहुणे म्हणून सामावून घ्यायची रीत होती. ब्लॅकवेल यांच्या वेळी विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हरकत घेतली. आमच्या पाहुणचाराचा गैरफायदा घेताय, असा त्यांचा सूर. संस्था हटली नाही. खुद्द ब्लॅकवेल यांना या पत्रव्यवहाराचा तेव्हा पत्ताही नव्हता.

त्या वर्षीची मला आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. विख्यात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन तेव्हा तिथे होते. तुझ्या प्रबंधाबद्दल मला सांग, असं ते या पोराला म्हणाले. एवढा मोठा माणूस आपला प्रबंध कशाला ऐकेल, म्हणून ब्लॅकवेल त्यांना टाळत राहिले. पुढे चहाच्या वेळी फॉन नॉयमननी गाठून विचारलं, कधी येतोस? ब्लॅकवेल गेले, सांगू लागले. दहाएक मिनिटं ऐकून झाल्यावर फॉन नॉयमननी दोन प्रश्न विचारले आणि मग ब्लॅकवेलचाच प्रबंध ब्लॅकवेलना समजावून सांगायला सुरुवात केली : इथे असं केलं असतं तर सोपं झालं असतं, तिथे तसं.

पीएच.डी. आणि प्रिन्स्टन असूनही नोकरीसाठी शंभरावर अर्ज करावे लागले, हे खरं का?

खरं. अमेरिकेत तेव्हा कृष्णवर्णीयांसाठीची शंभरावर कॉलेजं होती; त्यांनी प्रत्येक कॉलेजला पत्र लिहिलं. इतर विद्यापीठांत अर्ज करावा असं त्यांच्या मनातच आलं नाही, आपल्याला शिकवायला मिळणार ते तिथेच, असं ते धरूनच चालले होते. मला विचाराल तर त्या शंभर पत्रांपेक्षा ही न लिहिलेली पत्रं जास्त बोलतात. तीन ठिकाणांहून होकार आला.

याला एक अपवाद, बर्कलीचा. तिथले संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांना १९४२ मध्ये ब्लॅकवेल हवे होते. पण गणित विभागप्रमुखांच्या घरी सहकाऱ्यांना जेवायला बोलवायचा परिपाठ होता, आणि कृष्णवर्णीय माणूस आपल्या घरात चालणार नाही असं विभागप्रमुखांच्या पत्नीने सांगितल्याची हकिकत नोंदली गेली आहे. प्रस्ताव बारगळला. नेमका कशामुळे, ते ब्लॅकवेलना खूप नंतर समजलं.

मग एक वर्ष लुईझियानात बॅटन रूजचं सदर्न विद्यापीठ, एक वर्ष अटलांटाचं क्लार्क कॉलेज, आणि १९४४ पासून वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड विद्यापीठ. (हार्वर्ड नव्हे. मराठीत या दोन नावांचा सर्रास घोळ होतो.) कृष्णवर्णीय विद्वानांसाठी हॉवर्ड हे त्या काळी शिखर. ब्लॅकवेल तिथे १९४७ मध्ये विभागप्रमुख झाले. शिकवण्याचा बोजा मोठा होता, तरी नाव झालं ते तिथल्याच दहा वर्षांच्या कामावर.

संख्याशास्त्राकडे कसे वळले?

एका चुकीमुळे. १९४५ च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये शेतीखात्यात काम करणाऱ्या एब गर्शिक यांचं व्याख्यान होतं. विषय संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांचं समीकरण. एखादा खेळ तुम्ही कधी थांबवायचा ते खेळता खेळता ठरवत असाल, तर सरासरी एकूण कमाई म्हणजे सरासरी डाव गुणिले एका डावाची सरासरी कमाई, असं ते ढोबळपणे सांगतं. ब्लॅकवेलना हे पटलं नाही. घरी जाऊन त्यांनी एक प्रतिउदाहरण रचलं आणि गर्शिकना टपालाने पाठवलं.

प्रतिउदाहरण चुकलेलं होतं. दुसऱ्या कुणी पत्र केराच्या टोपलीत टाकलं असतं. गर्शिकनी फोन करून जेवायला बोलावलं. तिथून जी मैत्री सुरू झाली तिच्यातून १९५४ मध्ये 'थिअरी ऑफ गेम्स अँड स्टॅटिस्टिकल डिसिजन्स' हे दोघांचं पुस्तक आलं. त्याआधी, १९४६ मध्ये, ब्लॅकवेल यांचा संख्याशास्त्रातला पहिला पेपर छापून आला होता. विषय? वाल्ड यांचंच समीकरण.

राव-ब्लॅकवेल मधले राव म्हणजे आपले सी. आर. राव? दोघांनी मिळून हे काम केलं का?

हो, तेच. आणि नाही, मिळून नाही. राव यांचा जन्म १९२० चा, कर्नाटकातल्या हडगळीचा, म्हणजे ब्लॅकवेलपेक्षा जेमतेम दीड वर्षाने धाकटे. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये असताना १९४५ मध्ये त्यांनी कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक पेपर लिहिला. क्रॅमर-राव मर्यादा (अंदाजाची अनिश्चितता कुठवर कमी करता येते त्याची सीमा) त्याच पेपरातली, आणि हा निष्कर्षही. ब्लॅकवेल १९४७ मध्ये स्वतंत्रपणे तिथेच पोचले. युद्धाच्या त्या वर्षांत कोलकात्याचं नियतकालिक वॉशिंग्टनच्या टेबलावर असण्याचं काही कारण नव्हतं.

सुरुवातीला बरेच जण याला नुसतं 'ब्लॅकवेलायझेशन' म्हणायचे. राव यांनी एका मुलाखतीत सांगितलेला किस्सा मजेदार आहे. श्रेय ब्लॅकवेलना दिलेलं पाहून त्यांनी एका ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की तुमच्या पेपरात ते आहे खरं, पण त्याचं महत्त्व तुम्हाला कळलं नसावं, कारण प्रस्तावनेत त्याचा उल्लेखच नाही. राव यांनी उलट कळवलं : तो माझा पहिलाच मोठा पेपर होता, प्रस्तावना ही पुढचा पेपर न वाचणाऱ्यांसाठी लिहायची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तो थिअरम सोप्या भाषेत सांगाल का?

प्रयत्न करतो. एक छोटा दवाखाना घ्या. दहा रात्रींत मिळून तातडीचे वीस रुग्ण आले. प्रश्न असा : एखाद्या रात्री एकही रुग्ण न येण्याची शक्यता किती?

एक आळशी उत्तर आहे. फक्त पहिली रात्र बघायची. कुणी आलं नसेल तर १ म्हणायचं, आलं असेल तर ०. हसू नका, हे उत्तर सरासरीने बरोबर येतं! वर्गातल्या भाषेत तो अनबायस्ड एस्टिमेटर आहे. फक्त तो कमालीचा हेलकावे खातो, आणि नऊ रात्रींची माहिती वाया घालवतो.

आता राव-ब्लॅकवेल काय करतात? ते म्हणतात, या आळशी उत्तराला हाकलू नका, त्याला एकूण बेरजेच्या गाळणीतून गाळून घ्या. रुग्ण एकमेकांशी संबंध न ठेवता, सगळ्या रात्री सारख्याच प्रमाणात येतात असं धरलं (पॉयसनचं गृहीतक), तर उपयोगाची सगळी माहिती एका आकड्यात आहे : वीस. मग विचारा, एकूण वीस आले हे माहीत असताना पहिली रात्र कोरी जाण्याची शक्यता किती? प्रत्येक रुग्ण दहांपैकी कुठल्याही रात्री आलेला असू शकतो, म्हणजे तो पहिल्या रात्री नसण्याची शक्यता ९/१०. वीसही जण नसण्याची शक्यता ९/१० चा विसावा घात, साधारण ०.१२. हे झालं सुधारलेलं उत्तर. त्याची सरासरी पूर्वीइतकीच बरोबर, आणि हेलकावे खूपच कमी.

थिअरमचं म्हणणं एवढंच की हे नेहमी जमतं. कुठलाही वेडाबागडा अंदाज घ्या, सफिशियंट स्टॅटिस्टिकच्या (उपयोगाची सगळी माहिती सामावणाऱ्या, वरच्या 'वीस'सारख्या आकड्याच्या) आधारे त्याची कंडिशनल सरासरी काढा, म्हणजे तो आकडा माहीत धरून येणारी सरासरी. तो सुधारेल किंवा आहे तेवढाच राहील, बिघडणार कधीच नाही. सिद्धता अर्ध्या पानाची. आम्ही ती परीक्षेसाठी घोकली. कच्चा अंदाज चालेल, त्याला गाळता आलं पाहिजे, ही त्यातली गंमत मात्र कुणी सांगितली नाही. आज रोबोट अनोळखी इमारतीचा नकाशा स्वतः तयार करतात त्या पद्धतींपैकी एकीत हीच युक्ती वापरलेली असते, आणि तिच्या नावात दोघंही आहेत : राव-ब्लॅकवेलाइज्ड पार्टिकल फिल्टर.

ते बंदुकांच्या द्वंद्वावरही संशोधन करत होते म्हणे?

होय. १९४८ ते १९५० च्या उन्हाळ्यांत ते कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत जात. शीतयुद्ध सुरू झालेलं, रँडला पैसा अमेरिकी हवाई दलाचा, आणि प्रश्न असा की आधी वार करावा की थांबावं. ब्लॅकवेल आणि मंडळींनी त्याचा खेळ केला. दोन माणसं एकमेकांकडे चालत येताहेत, प्रत्येकाकडे एकच गोळी. लांबून झाडली तर नेम चुकेल. चुकली, आणि आवाज झाला, की दुसऱ्याला कळलं तुमचं पिस्तूल रिकामं आहे. मग तो निवांत चालत येऊन अगदी जवळून गोळी घालणार.

कधी झाडायची? दोघं सारखेच नेमबाज असतील तर उत्तर दोन ओळींत निघतं. आत्ता झाडली तर मी जिंकायची शक्यता म्हणजे माझा नेम लागायची शक्यता. त्याला आधी झाडू दिली तर मी जिंकायची शक्यता म्हणजे त्याचा नेम चुकायची शक्यता. दोन्ही समान होतात ते नेम लागण्याची शक्यता बरोबर निम्मी असताना. तेव्हाच झाडा, आधी नको, नंतरही नको.

पिस्तुलाला आवाजच नसेल तर? मग समोरच्याची गोळी संपली की नाही ते कळत नाही, आणि ठरलेला एक क्षण उरत नाही. केव्हा झाडायची ते नशिबावर, पण मोजूनमापून, सोडावं लागतं. हे गणित बरंच अवघड आहे, इथे सोडून देतो.

ते 'बेजियन' कसे झाले?

हेही रँडमधलंच. एक अर्थतज्ज्ञ त्यांच्याकडे आला. हवाई दलाने संशोधनावरचा पैसा कसा वाटावा याची शिफारस त्याला करायची होती. युद्ध लवकर होणार असेल तर लगेच वापरता येईल अशा गोष्टींवर खर्च करावा, नसेल तर दूरच्या संशोधनावर. त्याने विचारलं, पाच वर्षांत मोठं युद्ध होण्याची शक्यता किती धरू?

ब्लॅकवेलनी पुस्तकी उत्तर दिलं. शक्यता ही पुन्हा पुन्हा घडू शकणाऱ्या घटनांची असते, ही तर एकदाच घडणारी किंवा न घडणारी गोष्ट, तेव्हा प्रश्नालाच अर्थ नाही. अर्थतज्ज्ञ म्हणाला, मला भीती होतीच; याआधी ज्या ज्या संख्याशास्त्रज्ञांना विचारलं ते हेच म्हणाले.

उत्तर बरोबर होतं आणि त्या माणसाच्या काही कामाचं नव्हतं. ते ब्लॅकवेलना डाचत राहिलं. काही आठवड्यांनी संख्याशास्त्रज्ञ जिमी सॅव्हेज रँडमध्ये आले. शक्यता म्हणजे आपल्या खात्रीचं माप, एकदाच होणाऱ्या घटनेलाही ते लावता येतं, ही त्यांची मांडणी ब्लॅकवेलना पटली आणि ते कायमचे बेजियन, म्हणजे असं मानणाऱ्यांपैकी, झाले. १९६९ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं 'बेसिक स्टॅटिस्टिक्स' हे छोटं पुस्तकही याच अंगाने जातं.

शेवटी बर्कलीने बोलावलंच?

१९५४ मध्ये पाहुणे म्हणून आले. १९५५ मध्ये संख्याशास्त्राचा विभाग गणितापासून वेगळा झाला आणि ते तिथे पूर्ण प्राध्यापक झाले. बर्कलीत कायम प्राध्यापकी मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९५७ ते १९६१ विभागप्रमुख, तेही खुद्द नेमन यांच्या पाठोपाठ. १९४२ मध्ये ज्यांचा प्रस्ताव जेवणाच्या टेबलावर अडला होता, त्यांच्या नावाचं विद्यार्थी वसतिगृह, ब्लॅकवेल हॉल, बर्कलीत २०१८ पासून आहे. तिथे एक मेसही असती तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटतं.

आणखी कुठे कुठे त्यांचं नाव भेटतं?

अर्थशास्त्राच्या पीएच.डी.वाल्यांना 'ब्लॅकवेलच्या अटी' भेटतात, त्या १९६५ च्या डायनॅमिक प्रोग्रॅमिंगवरच्या (टप्प्याटप्प्याने घ्यायच्या निर्णयांच्या गणितावरच्या) पेपरातल्या. मशीन लर्निंगवाल्यांना १९५६ ची 'अप्रोचेबिलिटी' भेटते : समोरचा काहीही खेळला तरी आपली दीर्घकाळची सरासरी ठरलेल्या भागात कशी नेता येईल, याचा हिशेब. रिन्यूअल थिअरम (पुन्हा पुन्हा घडणाऱ्या घटना दीर्घकाळात सरासरी किती वेळा घडतात याबद्दलचा) आहे, कुठला प्रयोग जास्त माहिती देतो याची तुलना आहे.

माझा आवडता मात्र 'बिग मॅच'. प्रश्न डीन जिलेट यांचा, उत्तर १९६८ मध्ये ब्लॅकवेल आणि टॉम फर्ग्युसन यांचं. समोरचा रोज गुपचूप ० किंवा १ निवडतो, तुम्ही ओळखायचं. बरोबर आलं तर एक गुण. तुम्ही '०' म्हणत राहिलात तर खेळ रोज नव्याने चालू. पण ज्या दिवशी '१' म्हणाल, त्या दिवशीचा निकाल कायमचा : बरोबर आलं तर आयुष्यभर रोज एक गुण, चुकलं तर आयुष्यभर शून्य. तुम्ही कधी म्हणाल '१'? कधीच म्हणाला नाहीत तर समोरचा रोज १ निवडून तुम्हाला उपाशी ठेवील. घाईने म्हणालात तर फसाल. आतापर्यंत समोरचा काय खेळला ते बघत, त्यानुसार धोका कमीजास्त करत गेलं, तर दिवसाला सरासरी अर्ध्या गुणाच्या हवं तितकं जवळ जाता येतं. पुरा अर्धा गुण हमखास मिळवून देईल अशी कुठलीही चाल मात्र नाही.

संशोधनात आपल्याला रस नाही, असं ते खरंच म्हणायचे का?

म्हणायचे. आपल्याला संशोधन करण्यात रस नाही आणि कधी नव्हता, आपल्याला समजून घेण्यात रस आहे, अशा आशयाचं त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे. दुसऱ्याने आधीच सोडवलेली गोष्टही ते आपल्या पद्धतीने पुन्हा सोडवत बसत, आणि बऱ्याचदा त्यातूनच नवं काही निघे. त्यांचे पेपर विषयांच्या इतक्या वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरलेले आहेत ते त्यामुळेच. एकाच विहिरीत खोल खोल जाणाऱ्यांतले ते नव्हते.

कुटुंब, विद्यार्थी?

१९४४ मध्ये ॲनएलिझाबेथ मॅडिसन यांच्याशी लग्न. आठ मुलं. आणि पीएच.डी.चे साठाहून जास्त विद्यार्थी.

मानसन्मान?

१९७९ मध्ये फॉन नॉयमन थिअरी प्राइझ, ज्यांना भेटायला ते कधीकाळी बिचकत होते त्यांच्याच नावाचं. अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स २०१४ मध्ये जाहीर झालं, म्हणजे मृत्यूनंतर चार वर्षांनी.